थरथरता हात विमानाला

जलजाक्षम्मा आमच्या क्लबात पहिल्यांदा आल्या त्या भांडायला.

बेंगळुरूत जालहळ्ळीच्या आमच्या इमारतीत तळाला बेकरी, पहिल्या मजल्यावर शिवणक्लास, आणि दुसऱ्यावर आम्ही. अकरा संगणक, अकरा खुर्च्या आणि दारावर पाटी: 'पुष्पक विमान-सिम्युलेटर क्लब. चपला बाहेर.' जलजाक्षम्मांचं बिऱ्हाड बेकरीच्या मागच्या अंगाला. त्या दुपारी कोणीतरी दोन्ही इंजिनं पूर्ण आवाजात लावली होती. हातात अर्धवट सोललेलं दोडकं घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या.

"कोण तो विमानवाला? माझ्या मांडणीवरचे पेले खाली यायला लागलेत."

सगळ्यांनी मुरिगेप्पांकडे बोट दाखवलं. मुरिगेप्पा आमचे सेक्रेटरी, टेलिफोन खात्यातून निवृत्त. विमान कोणाचंही असो, तक्रार त्यांची.

"दोन मिनिटं, अम्मा," मुरिगेप्पा मान न वळवता म्हणाले. "हा बाण बसत नाहीये."

"कुठे बसत नाहीये?"

"त्या इंधनाच्या बटनावर. मसुराएवढं बटन. हा कधी अलीकडे, कधी पलीकडे. पाऊण तास झाला, विमान जागेवरून हललेलं नाही."

"मग आवाज कसला?"

"तो नयाझचा. तो उडाला."

नयाझ सिटी बसचा ड्रायव्हर. दिवसभर बस चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी विमान. त्याने खुर्चीतूनच हात वर केला.

आमचा क्लब गरिबीतून उभा राहिलाय. खऱ्या विमानासारखी मोठी सुकाणू-चाकं आमच्याकडे नाहीत. दोन्ही हातांच्या मुठीत मावणारे साधे गेमचे कंट्रोलर आहेत. त्यावर दोन अंगठ्यांसाठी दोन छोट्या दांड्या. डावी दांडी विमान वळवते, उजवी मान फिरवल्यासारखी आजूबाजूला बघते. डावी दांडी खाली दाबली की ती विमान सोडते आणि पडद्यावरचा बाण हलवायला लागते. त्या बाणाने विमानातली बटनं एकेक करून दाबायची: बॅटरी, पंप, दिवे, रेडिओ. एक बटन राहिलं तर विमान हलत नाही. आणि बाण असा, की अंगठा श्वास घेतो तेवढ्यानेही उडी मारतो.

जलजाक्षम्मांनी दोडकं संगणकावर ठेवलं. "द्या इकडे."

"अम्मा, हे जरा नाजूक..."

"द्या म्हणते ना."

त्यांनी कंट्रोलर हातात घेतला, पडद्याकडे पाठ केली आणि डोळे मिटले. अंगठा दांडीवर ठेवला, हलकेच सोडला. पुन्हा ठेवला, पुन्हा सोडला.

"ही मध्यावर परत येत नाही. डावीकडे केसभर पडते."

मुरिगेप्पांनी सेटिंगचं पान उघडून आकडे बघितले. खरंच डावीकडे पडत होती. "तुम्हाला कसं कळलं?"

"एकतीस वर्षं केसभर म्हणजे किती हेच बघत होते मी," अम्मा म्हणाल्या, दोडकं उचलून निघाल्या आणि दारातून सांगितलं, "आवाज कमी करा."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. हातात पत्र्याची डबी: भिंग, दोन चिमटे, बारीक ब्रश. घड्याळाच्या कारखान्यात त्या केसासारखी स्प्रिंग बसवायच्या, जिच्यावर घड्याळाचं हृदय मागेपुढे डोलतं. कारखाना बंद झाला, डबी घरी आली, आणि सतरा वर्षं तिच्यात सुईदोरा पडून होता. दांडीच्या मुळाशी बेकरीच्या खाऱ्या बनचा कण सापडला. तो त्यांनी चिमट्याने काढून मुरिगेप्पांच्या तळहातावर ठेवला.

"हा घ्या तुमचा वैमानिक."

तेव्हापासून त्या आमच्या झाल्या.

दांडीच्या सेन्सिटिव्हिटीला त्या 'हळवेपणा' म्हणायला लागल्या आणि आठवड्याभरात आम्हीही. दांडी मध्यावर असताना जेवढ्या भागात ती काही ऐकतच नाही, ती 'बहिरी जागा'. सेटिंगच्या पानावर एक रेघ असते. रेघ सरळ असेल तर अंगठा जेवढा सरकतो तेवढाच बाण धावतो. तिला खाली झोळ दिला तर सुरुवातीला बाण अगदी संथ चालतो आणि अंगठा पार कडेला नेला तरच वेग घेतो. हे आम्हाला समजायला दोन वर्षं लागली होती. अम्मांनी एकदा बघितलं.

"म्हणजे दारात हळू, अंगणात पळ. एवढंच ना?"

"एवढंच," मुरिगेप्पा म्हणाले, जरा हिरमुसून.

त्यांची पद्धत मात्र आमच्यातल्या कोणालाच साधली नाही. रेघ लावताना त्या पडद्याकडे बघायच्याच नाहीत. बघायच्या अंगठ्याकडे. माणसाला समोर बसवायच्या, गप्पा काढायच्या, आणि तो बोलण्यात गुंतला की त्याचा अंगठा काय करतो ते टिपायच्या. मग वहीत त्याच्या नावापुढे पेन्सिलीने रेघ काढायच्या.

"नयाझ, तू दांडीवर ब्रेक मारतोस."

"बसची सवय, अम्मा."

"तुझी बहिरी जागा मोठी ठेवते. आणि मुरिगेप्पा, तुम्ही फोन फिरवल्यासारखं फिरवता. शेवटपर्यंत नेऊन सोडून देता."

"चाळीस वर्षं फोनच फिरवले हो."

"तुमच्या रेघेचं टोक कापते."

होसूरहून, तुमकुरूहून माणसं टॉवेलात गुंडाळून कंट्रोलर घेऊन येऊ लागली. एक कॉलेजची मुलगी दावणगेरेहून रात्रभर बसने आली, रेघ काढून घेतली आणि दुपारच्या बसने परत गेली. जाताना मुरिगेप्पा तिला म्हणाले, "हे मिळतं फक्त पुष्पकमध्ये," जणू रेघ त्यांनीच काढली होती. अम्मा स्वतः कधी उडायच्या नाहीत. "मला कुठे जायचंय?" म्हणायच्या.

अशात एके दिवशी जिन्यावर छत्री टेकल्याचा आवाज आला. एक पायरी, एक टक. अम्मा दारात गेल्या आणि जागच्या जागी सरळ झाल्या. मी त्यांना कोणासमोर अशी पाठ ताठ करताना बघितलं नव्हतं.

"मिस."

"जलजा, तू जाड झालीस," वर येणारी म्हातारी म्हणाली. "हा जिना कोणी बांधलाय? त्याला आधी नोकरीवरून काढा."

या फिलोमिना मिस. मूळच्या मंगळूरकडच्या, बज्पेच्या. वय चौऱ्याहत्तर. घड्याळाच्या कारखान्यात शेवटच्या तपासणीच्या टेबलावर त्या बसायच्या. अम्मांकडून पंचवीस घड्याळांचा ट्रे त्यांच्यापुढे जायचा आणि अम्मांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून शेजारी उभं राहायचं. रीतच होती ती. तपासणी चालू असताना कारागिराचा हात ट्रेला लागता कामा नये. मिस भिंग लावून पंचवीसही बघायच्या आणि म्हणायच्या, "चोवीस पास. एक परत."

"दर वेळी?" मी अम्मांना नंतर विचारलं.

"एकोणीस वर्षं."

"पण घड्याळ खरंच बिघडलेलं असायचं का?"

अम्मांनी डबीचं झाकण लावलं. "असायचं. तेच तर."

मिस खुर्चीत बसल्या आणि थर्मास काढून मांडीवर ठेवला. तेव्हा आम्हाला त्यांचा हात दिसला. उजवा हात झाडावरच्या पानासारखा हलत होता. डावाही, पण कमी. स्वस्थ असला की शांत, काही करायला गेला की सुरू.

"बघून झालं?" मिस म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. जीवघेणं काही नाही, असं डॉक्टर म्हणतो. त्याला सही करायला लागत नाही माझ्या हाताने. जलजा, ऐकलंय की तू इथे विमानं दुरुस्त करतेस."

"विमानं नाही, मिस. अंगठे."

"मग माझा कर. मला मंगळूरला विमान उतरवायचंय."

मुरिगेप्पा पुढे सरकले. "मेडम, त्यापेक्षा तिकीट काढून खरोखरच जा की. तासाभराचा प्रवास."

"गेलेय. भाच्याने नेलं. खिडकीतून पंख दिसला. तासभर पंख बघितला मी." त्यांनी छत्रीचं टोक जमिनीवर टेकवलं. "विमानतळाच्या टेकडीखाली आमचं घर होतं. शाळेतून येताना आम्ही शेताच्या बांधावर उभे राहायचो आणि विमान डोक्यावरून जायचं. टेकडीवर ते कसं टेकतं ते खालून कधीच दिसायचं नाही. आवाज यायचा आणि मग बंद व्हायचा. मला ते वरून बघायचंय. आणि खिडकीतून नाही, पुढून. माझ्या हाताने."

सहा आठवड्यांवर आमचं वार्षिक उड्डाण होतं. अकरा विमानं एकत्र, बेंगळुरूहून मंगळूरला. मंगळूर मुद्दाम ठेवलंय आम्ही, कारण धावपट्टी टेकडीच्या माथ्यावर आहे आणि दोन्ही टोकांना दरी. त्या उड्डाणाचा नियम एकच. प्रत्येकाने आपलं विमान आपल्या हाताने सुरू करायचं. पहिल्या इशाऱ्यापासून पंधरा मिनिटं. त्यात दुसऱ्याने कंट्रोलरला हात लावायचा नाही. ज्याचं विमान सुरू झालं नाही तो जमिनीवर राहतो आणि बाकीच्यांना ताक वाटतो. दोन वर्षांपूर्वी मुरिगेप्पांनी स्वतः वाटलं होतं.

मुरिगेप्पांनी घसा साफ केला. "मेडम, तुम्ही माझ्या शेजारी बसा. मी उतरवतो, तुम्ही पुढून बघा. सन्मानाची जागा."

"म्हणजे पुन्हा पंखच."

"बटनं मसुराएवढी आहेत, मेडम. त्यातली एक खुंटी तर डबल. बाहेरचं कडं वेगळं, आतलं वेगळं. आम्हालाच घाम फुटतो."

मिस त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या अम्मांकडे बघत होत्या. कारखान्यात ट्रे पुढे आल्यावर बघत असतील, तशा.

"अकरावी जागा मिसची," अम्मा म्हणाल्या. "जमिनीवर राहिल्या तर ताक मी वाटेन. आणि ही डबी पुन्हा घरी जाईल, सुईदोऱ्याला."

"अम्मा, असं कशाला बोलता," नयाझ म्हणाला.

"बोलले."

पहिल्या आठवड्यात अम्मांनी रेघेला खोल झोळ दिला. डाव्या दांडीचा हळवेपणा पार काढून घेतला. बाण थरथरायचा थांबला. पण चालायचाही जवळजवळ थांबला.

"हा कुठे निघालाय?" मिसनी विचारलं.

"वरच्या पट्टीवरच्या दिव्याच्या बटनाकडे."

"पोचल्यावर मला उठव."

मग अम्मांनी बहिरी जागा वाढवली, म्हणजे थरथर दांडीला ऐकूच जाऊ नये. ती ऐकू येईना खरी, पण अंगठा बहिऱ्या जागेच्या बाहेर पडला की बाण धक्का दिल्यासारखा तीन बटनं ओलांडून जायचा.

"एक परत," मिस म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात अम्मांनी बॉलपेनची नळी कापून दांडीवर टोपीसारखी चढवली. दांडी उंच झाली, तोच अंगठा आता जास्त अंतर फिरायला लागला आणि बाणाला बारीक चाल मिळाली. सोबत मध्यम झोळ. मिसनी दहा बटनं लागोपाठ दाबली. टाळ्या वाजल्या. अम्मांनी वहीत रेघ काढून तारीख टाकली.

त्याच दुपारी मिसनी पहिल्यांदा मंगळूरपर्यंत सराव केला. टेकडी समोर आली. वारा डावीकडून होता. मिसनी विमान वळवलं आणि विमान वळलंच नाही. म्हणजे वळलं, पण आळसावून. धावपट्टी उजवीकडे सरकत गेली आणि विमान कडेने दरीत गेलं. पडदा काळा झाला.

मिसनी हात मांडीवर घेतले.

"माझं चुकलं," अम्मा म्हणाल्या. आवाज अगदी कारखान्यातला. "एकाच दांडीवर दोन कामं आहेत. बाणासाठी तिचा हळवेपणा काढला तो विमानाचाही निघाला. मी बाणच बघत बसले. विमान विसरले."

ही चूक आमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी केलेली. मुरिगेप्पांनी तर तिच्यापायी तीन वेळा समुद्र गाठलाय. म्हणून तोडगाही त्यांनाच सुचला. "दांड्या वेगळ्या करा. विमान एका हाताला, बाण दुसऱ्याला. आजूबाजूला बघायचं काम बटनांवर टाकू. विमान म्हणजे मोठं काम, ते डाव्या, चांगल्या हाताला द्या. बाण उजव्याला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. यात न पटण्यासारखं काही नव्हतंच. मोठं काम चांगल्या हाताकडे जातं.

विमान डाव्या हातात छान वळू लागलं. उजव्या हातातला बाण मात्र तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखा नाचू लागला. अम्मांनी चार दिवसांत सोळा रेघा काढल्या. पाचव्या दिवशी मिस पंधरा मिनिटांत नऊ बटनांवर पोचल्या. लागतात बावीस.

"जलजा," मिस म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "काही घड्याळं दुरुस्त होत नसतात. मी तुला कधी त्यासाठी दोष दिला नाही. कॉफी घे."

उड्डाणाला आठ दिवस राहिले होते. अम्मा खिडकीपाशी बसल्या होत्या, पाठ वळवून. मिसनी थर्मास उचलला. मी कप धरायला उठले, तर त्यांनी भुवयांनीच मला खाली बसवलं. उजव्या हाताने भरलेला थर्मास तिरका केला आणि एक थेंब न सांडता कप भरला. मग तो थर्मास ठेवला आणि त्याच हाताने स्वतःचा रिकामा कप उचलला. कप बशीवर खडखडला.

अम्मांनी मान वळवली.

"पुन्हा करा."

"काय?"

"थर्मास उचला, मिस."

"आता मी तमाशा आहे का?"

"उचला म्हणते ना."

मिसना असं कोणी सांगितलं नसावं. त्यांनी थर्मास उचलला. हात जवळजवळ स्थिर. ठेवला, कप उचलला. खडखड. थर्मास, स्थिर. कप, खडखड. अम्मा जवळ येऊन वाकल्या, भिंग नसलेल्या डोळ्याने भिंगातून बघावं तशा.

"थर्मासला वजन आहे," त्या म्हणाल्या. "हात तेवढाच हलतोय, पण थर्मास त्याचं ऐकत नाही. कप हलका, तो लगेच ऐकतो." मग त्या मुरिगेप्पांकडे वळल्या. "तुमच्या विमानाचं वजन किती?"

"चार टन. का?"

"आणि बाणाचं?"

मुरिगेप्पांनी पडद्यावरच्या बाणाकडे बघितलं.

"आपण उलटं केलंय," अम्मा म्हणाल्या. "मिस, आठवतं का, घड्याळाच्या त्या एका मॉडेलमध्ये आपण जड कडेचं चाक बसवायचो? मनगट कितीही हलवा, ते आपल्या तालात डोलायचं. थरथरता हात विमानाला द्यायचा. एवढं मोठं विमान असल्या बारीक थरथरीला दाद देत नाही. ते वळायच्या आत हात दुसरीकडे गेलेला असतो. चांगला हात बाणाला. बाणाला काही वजन नाही, त्याला सांभाळावं लागतं."

"अम्मा, उतरताना वाईट हाताने?" नयाझ म्हणाला. "टेकडीवर?"

"बस चालवताना तुझा गिअरचा दांडा थरथरतो का?"

"नुसता थरथरतो? नाचतो."

"मग बस नाचते का?"

नयाझ हसला. "नाही."

त्या दिवशी दोन रेघा काढल्या गेल्या. उजवीला, विमानाच्या दांडीला, जवळजवळ सरळ रेघ आणि नखाएवढी बहिरी जागा. डावीला, बाणाच्या दांडीला, पेनाची नळी आणि मध्यम झोळ. अम्मांनी वहीत पान उलटलं, तारीख टाकली नाही.

"का?" मी विचारलं.

"अजून तपासणी व्हायचीय."

उड्डाणाच्या रविवारी क्लबात उभं राहायला जागा नव्हती. शिवणक्लासच्या बायका जिन्यात बसल्या होत्या. बेकरीवाल्यांनी खारे बन पाठवले आणि अम्मांनी ते संगणकांपासून चार हात लांब ठेवायला लावले. मी कोपऱ्यात माइक घेऊन बसले. नाटकात काम करते, आवाज खणखणीत, म्हणून क्लबचा कंट्रोल टॉवर मी.

अकराव्या खुर्चीत मिस. कडक इस्त्रीची साडी, केसांत पिन. मागे अम्मा उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. कोणी सांगितलं नव्हतं.

मी चार वाजता पहिला इशारा दिला.

पाच मिनिटांत नयाझचं विमान सुरू झालं. सात मिनिटांत सहा जण तयार. मिसचा बाण संथ चालत होता. बॅटरी. थांबला, बसला. पंप. बसला. उजवा हात आज नेहमीपेक्षा जास्त हलत होता, एवढी माणसं बघत होती ना. पण त्याला अजून काम नव्हतं, तो नुसता दांडीवर होता. सगळं डावा करत होता.

"टॉवरकडून, दहा मिनिटं झाली," मी म्हणाले. "दोन, पाच आणि अकरा अजून बाकी."

"पाच तयार," मुरिगेप्पा म्हणाले आणि कपाळ पुसलं.

मिस अठराव्या बटनावर. एकोणीस. वीस. शेवटून दुसरी ती डबल खुंटी, हवेच्या दाबाच्या आकड्याची. बाण बाहेरच्या कड्यावर गेला, आत सरकला, आणि परत बाहेर. मिसनी अंगठा उचलला. श्वास घेतला. अम्मांच्या पाठीमागे बोटं एकमेकांत इतकी घट्ट गुंतली होती, की नखं पांढरी पडली. एक शब्द त्या बोलल्या नाहीत. रीतच होती ती.

अंगठा पुन्हा टेकला. बाण आतल्या कड्यावर जाऊन उभा राहिला. आकडा फिरला. मग बाविसावं बटन, तेही बसलं.

"अकरा?" मी विचारलं. चौदा मिनिटं झाली होती.

"टॉवर," मिस म्हणाल्या, "तू फार घाई करतेस. अकरा तयार."

जिन्यातून कोणीतरी शिट्टी वाजवली. दोन नंबरचा राहिला जमिनीवर, त्याने उठून ताकाचं भांडं घेतलं.

पुढचा तास मला एखाद्या प्रवेशासारखा आठवतो, ज्यात कोणालाच संवाद नाहीत. खाली घाट गेला, हिरवा, ढगांनी भरलेला. मिसनी फक्त एकदा म्हटलं, "या घाटात मला बसमध्ये दर वेळी ओकारी व्हायची." मग समुद्राची कड दिसली आणि अलीकडे टेकडी.

"अकरा, तुम्हाला उतरायला परवानगी," मी म्हणाले. "वारा डावीकडून."

मिसचा उजवा हात आता कोपरापासून हलत होता. कंट्रोलर टेबलाच्या कडेवर टकटक वाजत होता. मी पडद्याकडे बघितलं. विमान सरळ येत होतं. पंख जरासे, अगदी जरासे डुलले, पाण्यावर होडी डुलते तसे, आणि बस. एवढ्या मोठ्या थरथरीतलं विमानाला काहीच कळलं नव्हतं.

"बांध," मिस पुटपुटल्या. खाली शेतं सरकत होती. "इथे उभे असायचो आम्ही."

धावपट्टीची कड खालून गेली. चाकं टेकली, एकदा उचलली, पुन्हा टेकली. विमान धावत गेलं, हळू झालं आणि दुसऱ्या टोकाच्या पुष्कळ आधी थांबलं.

मिस पडद्याकडे झुकल्या. "असं दिसतं होय," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं, वर काहीतरी मोठं असेल. टेबलासारखं सपाट आहे."

मग लोकांना टाळ्या वाजवायचं सुचलं. नयाझने ताक वाटणाऱ्यालाच मिठी मारली. मुरिगेप्पा भेटेल त्याला सांगत होते, "वजन. सगळा वजनाचा खेळ. आमच्या पुष्पकचा शोध आहे हा." पण अम्मा जागच्या हलल्या नव्हत्या. हात अजून पाठीमागे.

मिसनी खुर्ची वळवली.

"चोवीस पास," त्या म्हणाल्या.

मुरिगेप्पा वळून बघायला लागले.

"एक परत. उतरण्याचा दिवा अजून चालू आहे. विमान उभं राहिल्यावर बंद करतात, तूच शिकवलंस."

मला वाटलं, अम्मा त्या एकोणीस वर्षांसारखी मान खाली घालतील. मी खरंच घाबरले होते त्यांच्यासाठी.

"दिवा तुम्ही विसरलात, मिस," अम्मा शांतपणे म्हणाल्या. "दांडी विसरलेली नाही. माझ्या ट्रेमध्ये पंचवीस आहेत. मोजून बघा."

मिसनी भुवया उंचावल्या. मग तोंड पडद्याकडे केलं. डावा अंगठा उचलून दांडीवर ठेवला. बाण खालच्या कोपऱ्यातून निघाला, संथ, मधल्या पट्टीवरून वर गेला, वरच्या रांगेत वळला आणि मसुराएवढ्या बटनावर जाऊन थांबला. अलीकडे नाही, पलीकडे नाही. टक. धावपट्टीवरचा उजेड गेला.

मिसनी कंट्रोलर टेबलावर ठेवला.

"पंचवीस," त्या म्हणाल्या.

अम्मांनी हात पुढे घेतले. रग लागली असावी, बोटं दोनदा उघडमीट केली. मग टेबलावरून वही ओढली, ते पान काढलं आणि दोन्ही रेघांखाली त्या दिवसाची तारीख टाकली.

"आता कप द्या तो," त्या मिसना म्हणाल्या. "मी भरते."

"थर्मास माझ्याकडे," मिस म्हणाल्या. "तू कप धर."